कालव्याकाठची नगरे आणि त्यांची बिअर : फ्लँडर्स व ब्राबांटमधील परंपरेच्या घडणीविषयी

१

बेल्जियमच्या सखल व ओलसर भूमीवर ब्रूज, गेंट, अँटवर्प, ब्रुसेल्स व ल्यूव्हन ही जुनी नगरे एकमेकांपासून अल्प अंतरावर वसलेली आहेत. मध्ययुगात यांपैकी पहिली दोन फ्लँडर्सच्या काउंटच्या, तर उरलेली तीन ब्राबांटच्या ड्यूकच्या सत्तेखाली होती. ब्रूजहून गेंट पन्नास किलोमीटरांच्या आत आहे, आणि गेंटहून ब्रुसेल्स किंवा अँटवर्पचे अंतरही तेवढेच. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार घेऊन, ती नगराबाहेर पाण्याच्या काठी उभी करून, एकेका नगरात दोन-दोन दिवस काढणाऱ्या हौशी प्रवाशांना हा प्रदेश फार सोयीचा वाटतो. अशा प्रवाशाला दोन गोष्टी सर्वत्र आढळतात. एक म्हणजे कालवे, आणि दुसरी त्या-त्या स्थळाची बिअर.

या दोहोंच्या जोडीला त्याला सनावळीही वाचावयास मिळते. घरांच्या दर्शनी भिंतींवर लोखंडी अंकांत सन बसविलेले असतात, आणि बाटल्यांवरील चिठ्ठ्यांवर तर त्याहूनही जुने सन छापलेले असतात. ‘लेफ’ या बिअरवर १२४०, ‘स्टेला आर्ट्वा’वर १३६६, ‘होगार्डन’वर १४४५. भिंत आणि बाटली यांवरील हे अंक एकत्र वाचणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की, येथील कालवे, घरे व पेये ही सहा-सात शतके अखंड चालत आलेल्या एकाच जीवनक्रमाची अंगे आहेत.

प्रस्तुत निबंधात या समजुतीचा विचार करावयाचा आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे मुळीच नाही. तथापि सनदा, करांच्या नोंदी आणि खुद्द शब्दांचा इतिहास तपासला असता निराळे चित्र दिसू लागते. पाणी व बिअर यांचा या नगरांतील संबंध फार जुना व खरा आहे. परंतु तो मुख्यतः हक्कांचा व करांचा संबंध होता. आणि आज ज्यास परंपरा म्हटले जाते तिचा पुष्कळसा भाग अखंडतेतून न येता खंड पडल्यानंतरच्या पुनर्घटनेतून आलेला आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास इतिहासाचा नायक म्हणून जुनेपणाच उरतो, आणि ज्या माणसांनी पाण्यासाठी व पेयासाठी भांडणे केली, दंड सोसले, ती माणसे दृष्टिआड होतात.

२

प्रथम पाण्याचा विचार करू. या नगरांची नावेच त्यांच्या जलस्थितीची साक्ष देतात. गेंट हे नाव ‘गांडा’ या केल्टिक मूळाकडे नेले जाते, व त्याचा अर्थ दोन नद्यांचा संगम असा केला जातो. लेइ व शेल्ड या नद्या तेथे मिळतात. ब्रुसेल्सच्या नावात ‘दलदलीतील वस्ती’ असा अर्थ दडलेला आहे. ब्रूज हा उच्चार आपण फ्रेंच व इंग्रजी यांच्या मार्गाने घेतला. तेथील लोक आपल्या गावाला ‘ब्रुखे’ म्हणतात. डच भाषेत ‘ब्रुख’ म्हणजे पूल, पण काही अभ्यासक या नावाच्या मुळाशी नावा लावण्याचा धक्का या अर्थाचा जुना नॉर्स शब्द पाहतात. पूल असो वा धक्का, नाव पाण्याशीच बांधलेले आहे. तेथील कालव्यांना लोक ‘रेइयेन’ म्हणतात, तेही ‘रेइ’ या छोट्या नदीच्या नावाचे अनेकवचन होय. म्हणजे नदीच्या फाट्यांनाच बांध घालून, सरळ करून व जोडून ते कालवे सिद्ध झाले. हा इतिहास त्या अनेकवचनातच साठविलेला आहे.

ब्रूज समुद्रकाठी नाही. ११३४ च्या सागरी तुफानाने ‘झ्विन’ नावाची खाडी आत शिरली, व तिच्या तोंडापर्यंत जलमार्ग काढून नगराने समुद्र गाठला. त्या मार्गावर बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दामे हे उपबंदर वसले. १२७७ मध्ये जिनोआची जहाजे आली, पुढे व्हेनिसचीही येऊ लागली. इंग्लंडची लोकर, गॅस्कनीचा द्राक्षारस, जर्मन बंदरांतील बिअर असा माल दामे येथे उतरून होड्यांतून ब्रूजमध्ये जाई. हे वैभव शेजारच्या गेंटला पाहवले नाही. १२५१ पासून गेंटने ‘लीव्ह’ नावाचा स्वतःचा कालवा दामेच्या दिशेने खणावयास घेतला. या भूमीत कालवा खणणे म्हणजे दुसऱ्याच्या जकातीवाचून समुद्राकडे जाण्याचा हक्क मिळविणे होते, ही गोष्ट येथपासूनच स्पष्ट होते.

पाण्याच्या अंतर्गत व्यवस्थेविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. मध्ययुगीन लोक पाणी मुळीच पीत नसत, म्हणून बिअर पीत, असे विधान लोकप्रिय पुस्तकांत वारंवार आढळते. परंतु ब्रूज नगराने तेराव्या शतकाच्या अखेरीस भूमीखालून शिशाच्या नळ्या घालून विहिरींना पाणी पुरविण्याची सोय केली होती. पाणी उंच चढविण्यासाठी घोड्याच्या साहाय्याने फिरणारी मोटेसारखी बादल्यांची माळ असे, आणि त्या इमारतीला ‘जलगृह’ म्हणत. जे पाणी कोणी पिणार नाही त्यासाठी नगरे एवढा खर्च करीत नाहीत. बिअर करणाऱ्यांना मात्र चांगल्या पाण्याची निकड सर्वांहून अधिक होती. कारण कालव्याच्या पाण्यात रंगारी व चांभार यांच्या धंद्याची घाण मिसळे. पाण्याच्या नळीपाशी कोणाचा हक्क, हा म्हणून बिअरच्या धंद्यातील पहिला प्रश्न होता.

३

दुसरा प्रश्न पाण्यात काय घालावयाचे हा होता. बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेले जव किंवा इतर धान्य भरडून, उष्ण पाण्यात त्याचा अर्क काढून, तो आंबविलेले पेय. नुसते असे पेय गोडसर व नाशवंत असते. म्हणून त्यात सुगंधी वनस्पती घालीत. या प्रदेशात त्या मिश्रणाला ‘ग्रुट’ म्हणत. दलदलीत वाढणारे ‘मिरिका गेल’ नावाचे सुवासिक झुडूप हा त्यातील मुख्य घटक होता.

या ग्रुटचा लेखी इतिहास एखाद्या पाककृतीने सुरू होत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो सनदेने सुरू होतो. ९७४ मध्ये सम्राट दुसरा ऑटो याने लिएजच्या बिशपपीठाला फोस या ठिकाणचे बाजार, जकात व टांकसाळ यांच्या हक्कांबरोबरच बिअरच्या या द्रव्याचा हक्कही दिला. ९९९ मध्ये तिसऱ्या ऑटोने उट्रेख्टच्या बिशपपीठाला दिलेल्या सनदेत तर लॅटिन वाक्यातच, सामान्य जन यास ‘ग्रुट’ म्हणतात, असा खुलासा आला आहे. भाषेच्या अभ्यासकाला या खुलाशाचे मोल फार आहे. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या लेखनिकाला त्या वस्तूसाठी लॅटिन शब्द सापडेना. लोकांच्या तोंडचा शब्द त्याला नाइलाजाने सनदेत घ्यावा लागला. वस्तू लोकांची, शब्द लोकांचा, आणि तिच्यावरील हक्क मात्र सम्राटाच्या दानाचा, ही त्या एका वाक्यातील परिस्थिती आहे.

हक्क याचा अर्थ असा की, आपल्या क्षेत्रात बिअर करणाऱ्या प्रत्येकाने ग्रुट हक्कदाराकडूनच विकत घ्यावयाचे. त्यात कोणत्या वनस्पती किती प्रमाणात आहेत हे त्याला सांगण्याचे कारण नव्हते. कर वसूल करण्याची ही मोठी सोयीची रीत होती; पेयाच्या पिंपांमागे हिंडण्यापेक्षा त्यातील एका अपरिहार्य द्रव्याची कोठी ताब्यात ठेवणे सोपे. ब्रूजमध्ये हा हक्क ज्या कुळाकडे होता त्याचे नावच ‘ग्रुटहूझे’, म्हणजे ग्रुटच्या घरचे, असे पडले. त्या कुळातील लोडवेक व्हान ग्रुटहूझे याने १४७०–७१ मध्ये परागंदा झालेल्या इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डला आश्रय दिला, व एडवर्डने राज्य परत मिळाल्यावर १४७२ मध्ये त्याला विंचेस्टरचा अर्ल केले. त्याचा प्रासाद आज वस्तुसंग्रहालय आहे. त्या प्रासादातून शेजारच्या मेरीमातेच्या चर्चमध्ये थेट उघडणारी खासगी गवाक्षशाला प्रवासी कौतुकाने पाहतात. एका राजाला आसरा देण्याइतके व देवळात स्वतःचे दार उघडण्याइतके ऐश्वर्य ज्या कुळाला लाभले, त्याच्या नावाशी गावातल्या प्रत्येक पिंपातील मूठभर पाल्यावरचा हक्क जोडलेला आहे.

४

हा हक्क ढासळला तो एका वेलीमुळे. हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्या फुलांनी पेयाला कडवटपणा येतो, आणि ते टिकतेही अधिक. हॉपचा उपयोग मठांना पूर्वीपासून माहीत होता; ८२२ मध्ये कॉर्बीच्या मठाधिपतीने केलेल्या नियमांत हॉपचा उल्लेख आहे. पण त्याचा मोठा व्यापार सुरू झाला तो हॅम्बुर्ग, ब्रेमेन या उत्तर जर्मन बंदरांतून. तेथील हॉपची बिअर जहाजांतून आली तरी नासत नसे. तेराव्या-चौदाव्या शतकांत ती फ्लँडर्समध्ये येऊ लागली, मग तेथेच होऊ लागली. पश्चिमेकडील पोपरिंगे हे गाव हॉपच्या लागवडीसाठी आजही प्रसिद्ध आहे. तेथील विणकरांचा कापडधंदा चौदाव्या शतकात शेजारच्या ईपर नगराने आपल्या विशेषाधिकाराच्या जोरावर दडपला होता, हे त्या प्रसिद्धीबरोबर स्मरणात ठेवावे.

हॉप घातले की ग्रुटची गरज उरत नाही. मग ग्रुटच्या हक्कदाराचे काय? नेदरलँड्सच्या प्रदेशात याचे उत्तर ठिकठिकाणी सारखेच निघाले. हॉपच्या बिअरवर स्वतंत्र कर बसला व तो जुन्या हक्काच्या जागी आला. द्रव्य बदलले, वसुली टिकली.

या पालटाचे शब्दांवर उमटलेले ठसे तर फारच बोलके आहेत. लॅटिनमधील ‘सेर्व्हिसिया’ हा शब्द मूळचा गॉल लोकांचा. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेर्व्ह्वाझ’, स्पॅनिशमध्ये ‘सेर्व्हेसा’, व पोर्तुगीजमध्ये ‘सेर्व्हेझा’ झाले. स्पेन व पोर्तुगाल येथे तो जुना शब्द आजही चालू आहे. फ्रेंचमध्ये मात्र पंधराव्या शतकात जर्मानिक ‘बिअर’ शब्द उसना आला, व हळूहळू ‘सेर्व्ह्वाझ’ मागे पडला. कारण उत्तरेकडून नुसता शब्द आला नव्हता, हॉप घातलेले नवे पेय आले होते. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेदरलँड्सच्या बाजूने अशी बिअर येऊ लागली. तेथे बिनहॉपच्या देशी पेयाला ‘एल’ व हॉपच्या परदेशी पेयाला ‘बिअर’ असा भेद दीर्घकाळ पाळला गेला. ‘बिअर’ हा शब्द जुन्या इंग्रजीत होताच. परंतु त्याला नवा अर्थ व नवे चलन मिळाले ते या व्यापाराने. इंग्रजीतला ‘हॉप’ शब्दही मध्ययुगीन डचमधून घेतलेला आहे. आपण मराठीत आज सहजपणे ‘बिअर’ म्हणतो तेव्हा इंग्रजीच्या द्वारे फ्लेमिश खलाशांनी व हॉपच्या व्यापाऱ्यांनी रुळविलेलाच अर्थ उच्चारीत असतो.

५

सम्राट व सरदार यांच्या पाठोपाठ बिअरवर हक्क सांगणारा तिसरा धनी म्हणजे खुद्द नगर. गेंट, ब्रूज, ल्यूव्हन या नगरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग द्राक्षारस व बिअर यांवरील अप्रत्यक्ष करांतून येई. तटबंदी, पूल, घंटाघरे, कालव्यांचे बांध यांचा खर्च त्यातूनच निघे. हा कर गरिबाला अधिक जाचे, कारण श्रीमंताच्या मानाने त्याच्या मिळकतीचा मोठा भाग भाकरी व बिअर यांवर खर्च होई. येथे एका शब्दाची आठवण होते. मद्यावरील कराला आपण ‘अबकारी’ म्हणतो. त्यातील ‘आब’ म्हणजे फारसीत पाणी. ‘आबकार’ म्हणजे पाणी वाहणारा, तसाच मद्य गाळणाराही. पाणी व मद्य एका धंद्यात, आणि तो धंदा सरकारी वसुलीत, हा फ्लँडर्सचा अनुभव या फारसी शब्दाच्या आपल्याकडील अर्थविकासातही प्रतिबिंबित झालेला दिसतो.

गेंटचे उदाहरण पाहू. चौदाव्या शतकात साठ हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे नगर आल्प्सच्या उत्तरेस पॅरिसच्या खालोखाल मोठ्या नगरांत गणले जाई. येथून जलमार्गाने जाणाऱ्या धान्याचा चौथा हिस्सा नगरातच उतरविला पाहिजे, असा त्याने हक्क मिळविला होता. लेइच्या काठी ‘ग्रास्लेइ’ व ‘कोरेन्लेइ’ येथे दिसणाऱ्या सुंदर घरांच्या रांगा या धान्यबंदराच्या काठी उभ्या आहेत. भाकरीचे आणि बिअरचे धान्य तेथे उतरे. १३३८ ते १३४५ या काळात गेंटचे नेतृत्व केलेला याकोब व्हान आर्तेव्हेल्डे इंग्रजी पुस्तकांत ‘गेंटचा बिअरवाला’ म्हणून ओळखला जातो. वस्तुतः तो मोठ्या कापडव्यापारी घराण्यातला पुढारी होता. नगराच्या राजकारणात पेयाचे स्थान एवढे ठळक होते की, पुढील पिढ्यांना हे बिरुद पटून गेले.

याच गेंटमध्ये १५०० साली जन्मलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सने आपल्या जन्मनगराला केलेली शिक्षा प्रसिद्ध आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी १५३७ मध्ये मागितलेला पैसा देण्यास गेंटने नकार दिला. १५३९ मध्ये बंड झाले. १५४० मध्ये चार्ल्स स्वतः चालून आला. त्याने नगराचे विशेषाधिकार काढून घेतले, आणि प्रतिष्ठित नागरिकांना व व्यवसायसंघांच्या प्रतिनिधींना अनवाणी चालवून क्षमायाचना करावयास लावली. त्यांतील काहींच्या गळ्यात फास होते. गेंटच्या लोकांना तेव्हापासून ‘फासवाले’ म्हणतात. हे टोपणनाव त्यांनी पुढे अभिमानाने स्वीकारले; आज त्या फासाच्या नावाने एक बिअरही विकली जाते. अपमानाचे भूषण व भूषणाचा माल होण्यास मध्ये जवळजवळ पाच शतके लोटली.

पाणी, कालवा, बिअर व कर हे चारही धागे एका गाठीत पाहावयाचे असतील तर अँटवर्पला जावे. तेथे शेल्ड नदीचे पाणी भरतीमुळे मचूळ होई. सोळाव्या शतकाच्या मध्यास गिल्बर्ट व्हान स्खोनबेके या धाडसी भूविकासकाने नगराच्या उत्तरेस नवी वसाहत आखली, कालवे काढले, आणि त्यांच्या काठी बिअरचे कारखाने बांधले. नगरात येणाऱ्या गोड्या पाण्याच्या कालव्यातून पाणी घेऊन ते एका जलगृहात घोड्यांच्या राहाटाने वर चढवावयाचे व नळ्यांनी कारखान्यांना पुरवावयाचे, अशी ती योजना होती. अभियांत्रिकी म्हणून ती अपूर्व होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे पाणी व बिअर या दोहोंचा ताबा एका हाती जातो आहे, हे लोकांनी ओळखले. १५५४ मध्ये दंगल उसळली, व्हान स्खोनबेकेला नगर सोडावे लागले, आणि १५५६ मध्ये तो ब्रुसेल्स येथे मरण पावला. ते जलगृह अद्याप उभे आहे. त्याचा राहाट पाहणाऱ्याने ती दंगलही आठवली पाहिजे.

ब्रुसेल्सने १५५० ते १५६१ या काळात विलेब्रुकचा कालवा खणला तो सेन नदीवरील मेखेलेन नगराच्या जकातीचा जाच टाळण्यासाठी. ल्यूव्हनने १७५० मध्ये मारिया थेरेसाच्या अनुमतीने मेखेलेनच्या दिशेने कालवा काढावयास घेतला, आणि त्या मार्गाने ल्यूव्हनची बिअर दूरवर जाऊ लागली. या दोन कालव्यांमध्ये दोन शतकांचे अंतर असले तरी दोहोंमागील प्रेरणा लीव्ह कालव्याचीच होती.

६

आता खंडांचा विचार करू. पंधराव्या शतकात झ्विन गाळाने भरत चालली, हे ब्रूजच्या ऱ्हासाचे नेहमी दिले जाणारे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. १४८८ मध्ये ब्रूजच्या नागरिकांनी आपला अधिपती मॅक्सिमिलियन यालाच काही आठवडे बंदीत ठेवले. या संघर्षात त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जाण्याचे फर्मावले, आणि ते बहुतांशी परत आले नाहीत. गाळ उपसता येतो. गेलेला व्यापारी आणणे कठीण. पुढे नेपोलियनच्या आज्ञेने ब्रूज-दामे-स्लौस कालव्याचे काम सुरू झाले. त्यावर स्पॅनिश युद्धकैदी राबले. त्याच्या काठच्या पोपलरांच्या रांगांतून आज सायकली फिरतात.

१७८७ मध्ये ब्रूजच्या बाजारचौकात कालव्यावरच बांधलेले मध्ययुगीन ‘जलमंडप’ हे भव्य मालगृह पाडण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रूज हे बेल्जियममधील अत्यंत दरिद्री नगरांपैकी एक होते. लोकांचा मोठा भाग धर्मादायावर जगे, स्त्रिया लेस विणीत. जुनी घरे राहिली याचे एक प्रमुख कारण ती पाडून नवी बांधण्यास कोणापाशी पैसा नव्हता. हेच दारिद्र्य नंतर सौंदर्य म्हणून पाहिले गेले. १८७७ पासून नगरपालिका दर्शनी भिंतींच्या कलात्मक दुरुस्तीसाठी अनुदान देऊ लागली, व ती दुरुस्ती बहुधा नवगॉथिक अभिरुचीने झाली. जलमंडपाच्या जागी तर त्याच शैलीतील प्रांतिक प्रासाद उभा राहिला. १८९२ मध्ये झॉर्झ रोदेनबाक याच्या फ्रेंच कादंबरीने या नगराला ‘मृत ब्रूज’ ही उपाधी दिली. तिने ते आणखी प्रसिद्ध झाले. २००० साली ब्रूजच्या ऐतिहासिक केंद्राला युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. आज दिसणारे मध्ययुगीन ब्रूज अशा रीतीने मध्ययुग, दारिद्र्य व एकोणिसावे शतक या तिघांनी मिळून घडविलेले आहे.

बिअरच्या इतिहासातील खंड याहूनही खोल आहेत. १७९५ मध्ये फ्रान्सने हा प्रदेश आपल्या राज्यास जोडला; व्यवसायसंघ गेले, आणि पाठोपाठ मठही विसर्जित झाले. मठांतील बिअरचे कारखाने त्यांच्याबरोबरच बंद पडले. आजचे प्रसिद्ध ट्रॅपिस्ट मठ म्हणजे त्यानंतरची नवी घडण होय. वेस्टमाले येथे बिअर १८३६ पासून होऊ लागली. वेस्टव्लेटेरेनचा मठच १८३१ चा. शिमे १८५० चा. ओर्व्हालचा मठ बाराव्या शतकातला खरा, पण १७९३ मध्ये तो उद्ध्वस्त झाला. १९२६ पासून त्याची पुनर्बांधणी झाली, व तेथील आजचा बिअरचा कारखाना १९३१ चा आहे.

विसाव्या शतकात पहिल्या महायुद्धाने दुसरा आघात केला. जर्मन सैन्याने कारखान्यांतील तांब्याच्या कढया काढून नेल्या. असंख्य लहान कारखाने पुन्हा उघडले नाहीत. युद्ध संपताच १९१९ मध्ये समाजवादी मंत्री एमिल व्हांडरव्हेल्डे यांच्या पुढाकाराने कायदा झाला, व सार्वजनिक पानगृहांत कडक ऊर्ध्वपातित मद्य विकण्यास बंदी आली. दुकानातून घ्यावयाचे तर एकदम दोन लिटर घ्यावे लागे, म्हणजे मजुराला ते परवडू नये. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. मजुरांचे व्यसन कमी करावे हा त्याचा हेतू. पण पानगृहात जिनची जागा रिकामी झाली, आणि कडक बिअरला त्यामुळे बाजार मिळाला. बेल्जियमच्या बिअरचे वैशिष्ट्य म्हणून ज्या तीव्रतेचे कौतुक होते तिच्यामागे जुन्या कृतींइतकाच हा सुधारणावादी कायदाही आहे.

७

आता प्रारंभी दिलेल्या तीन सनांकडे वळता येईल. स्टेला आर्ट्वावरील १३६६ हा सन ल्यूव्हनच्या करनोंदीत ‘शिंग’ या नावाच्या कारखान्याचा उल्लेख येतो त्या वर्षाचा आहे. आर्ट्वा हे नाव सेबास्टियन आर्ट्वा या कारागिराचे. त्याने तो कारखाना १७१७ मध्ये घेतला. ‘स्टेला’ हे पेय १९२६ मध्ये नाताळसाठी निघाले, आणि त्याचा प्रकार १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन येथे प्रसिद्धीस आलेल्या फिकट बिअरचा. लेफचा मठ ११५२ चा असून १२४० हा सन मठाने बिअरचा कारखाना मिळविल्याचा मानला जातो. परंतु आजची लेफ १९५२ मध्ये मठाने एका धंदेवाईक उत्पादकाशी केलेल्या करारातून जन्मली, व ती आता ल्यूव्हनच्या मोठ्या कारखान्यात होते. होगार्डन गावी गव्हाच्या पांढऱ्या बिअरची परंपरा खरीच जुनी. पण तेथील शेवटचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला. पिएर सेलिस या गावकऱ्याने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली.

हे सन म्हणजे निव्वळ थापा असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकामागे काही ना काही घटना आहे. मात्र ती घटना स्थळाची, हक्काची वा करनोंदीची आहे. बाटलीतील द्रवाची नाही. १३६६ हा सन आज उपलब्ध आहे तो केवळ कर वसूल करणाऱ्याने वही ठेवली म्हणून. जुन्या काळातील बिअर करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले ते ज्यांना त्यांच्याकडून काही घ्यावयाचे होते त्यांनी. इतिहासाच्या साधनांचा हा स्वभाव ओळखला म्हणजे चिठ्ठीवरील सनाचा अभिमान व संशय या दोहोंच्या पलीकडे जाऊन त्याचा उपयोग करता येतो.

याच न्यायाने होगार्डनच्या पुनरुज्जीवनाचे मोलही कमी होत नाही, उलट वाढते. अखंड चालत आलेली परंपरा आपोआप चालते असा भास होतो. तुटलेली परंपरा कोणातरी माणसाला पदरचे धन व श्रम वेचून जोडावी लागते. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियममधील बिअर-संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. त्या गौरवाचे खरे धनी शोधावयाचे तर सातशे वर्षांमागे जाण्याऐवजी गेल्या दीडशे-दोनशे वर्षांतील अशा जोडणाऱ्या माणसांकडे जावे लागेल.

२०१६ मध्येच ब्रूज येथे आणखी एक गोष्ट घडली. नगराच्या मध्यभागी ‘अर्धचंद्र’ या अर्थाच्या नावाचा एक कौटुंबिक कारखाना एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्याची बिअर बाटल्यांत भरण्याची जागा नगराबाहेर असल्यामुळे अवजड टँकर अरुंद दगडी रस्त्यांतून जा-ये करीत. त्यावर उपाय म्हणून रस्त्यांखालून व कालव्यांखालून सुमारे तीन किलोमीटर लांबीची नळी घालण्यात आली, व तिच्यातून बिअर वाहू लागली. वृत्तपत्रांनी ही नवलाई म्हणून वर्णिली. ब्रूजच्या इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेराव्या शतकातील शिशाच्या नळ्यांची आठवण व्हावी. नळी घालावयाची तर नगराची अनुमती हवी, खर्चाची तरतूद हवी, आणि कोणाच्या दारासमोरची भूमी खणावयाची याचा निर्णय हवा. हे प्रश्न तेव्हा होते तसेच आताही होते. या नगरांत पाणी व पेय यांचा मार्ग पूर्वीपासून असाच, सार्वजनिक भूमीतून व सार्वजनिक वादातून, गेलेला आहे.